वावटळ्याचा पट्टा

साईटवरून, अरुणाचल
३ नोव्हेंबर २०२४

आकू,

रामराम. मी आन् तुझा भाऊ कल्याण दोघं पोचलो. मावशीला सांग, कल्याण जेवतो, मीबी जेवतो. इथं रेंज बिलकुल न्हाई, मोबाईल निस्ता बॅटरी म्हणून चालतो. आठवड्याला रेशनची जीप खालच्या गावाला जाती, तिच्यातच टपाल जातं आन् येतं. तव्हा आता पत्रच. माझं अक्षर पाचवीत शाळा सुटली तिथंच थांबलंय, हसू नको.

काम टावरचं. आपल्याकडं वावरात वायरीचे टावर असतात ना, तसलेच, पण डोंगराच्या कड्यावर. खाली दरी. दरीचा तळ मी अजून पाह्यला न्हाई, तिथं कायम धुकं. दुपारून ते वर चढतं, बकऱ्यांचा कळप चढावा तसं, आन् मंग आपलेच पाय आपल्याला दिसत न्हाईत. वारा सुटला की सगळा टावर गुणगुणतो. लोखंडाला कान लावला तर आत कोणीतरी कण्हून राह्यलंय असं वाटतं. मला भेव न्हाई वाटत. चाकणच्या कंपनीत रोज तीच भिंत बघून येड लागायची पाळी आल्ती, सुरतेत बी तेच. इथं निदान रोज वर जायला मिळतं.

मुकादम हरिओम आपल्या परतूरकडचाच. तो माणसं जोडीनंच घेतो. एकानं अँगल, म्हणजे लोखंडी पट्टी, धरायचा, दुसऱ्यानं बोल्ट घालायचा. जोडीतला एक बसला तर दुसऱ्यालाबी घरची वाट. मला कोयत्याची आठवण आली. अंकुशनगरला ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. आई गेली तव्हा दादाला, म्हणजे माझ्या बापाला, सगळे 'ए अर्ध्या कोयत्या' म्हणायचे. मंग दादानं मला शाळेतून काढलं आन् उसात शेजारी उभं केलं, तव्हा आमचा पुरा कोयता झाला. तव्हापासून मला जोडी म्हणलं की राग येतो. म्हणून तर आपल्या कॉमिकातला वावटळ्या मी एकटा केल्ता. तू नंतर त्याला बाकीच्या वीरांच्या टोळीत घातलं.

नवीन अंक पोरांना दाखवला का? काय म्हणले? खरं लिही.

कडूबा

(आकू, मी कल्याण. याचं ऐकू नको, टावर लई उंच आहे. आईला हे सांगू नको. इथली डाळ पाण्यासारखी आहे, हे सांग.)


मस्तगड, जालना
१८ नोव्हेंबर २०२४

कडूबा भाऊ,

नमस्कार. पत्र आलं आणि आधी कल्याणदादाची ओळ वाचली, मग तुझं. आईला डाळीचं सांगितलं. ती लगेच लोणच्याची बरणी बांधायला बसली. अरुणाचल तिला मंठ्याच्या पलीकडे वाटतं.

माझं तेच, दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे फोटो कापते, आणि गिऱ्हाईक नसलं की वावटळ्या काढते. अंक छापला. रविवारी तो अंकुशनगरला ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, घेऊन गेले. तू खरं लिहायला सांगितलंस ना, मग ऐक. पायल नावाची एक मुलगी आहे, आईबापासोबत दरवर्षी तोडीला येते. अंक संपला आणि ती म्हणाली,

"ताई, ह्यो एकटा असल्यावर एका फुंकरीत ट्रक उलथा करतो. मंग टोळीत आल्यावर याला उंदीर का हालत न्हाई?"

मी म्हटलं, "अगं, टोळीत सगळ्यांनाच काम मिळायला पाहिजे ना."

"म्हणजे ह्यो कामचोरपणा करतो? आमच्या मुकादमानं हाकलला असता."

मागून एक पोरगं ओरडलं, "आन् हा एकटा मार खातो तव्हा बाकीचे कुठं असतेत? लग्नाला?"

सगळे हसले. घरी आल्यावर मी मोठमोठ्या कॉमिकवाल्यांची पुस्तकं पुन्हा काढून बघितली. त्यांचंही हेच दुखणं आहे. टोळीचं पुस्तक असलं की सगळ्यात ताकदवानाला पहिल्याच पानावर बेशुद्ध पाडतात, नाहीतर दुसऱ्या ग्रहावर पाठवतात, आणि शेवटी परत आणतात. तोवर बाकीच्यांना लढायला मिळतं. एकट्याचं पुस्तक असलं की उलटं, सोबत्यांना कुठंतरी घालवतात. आपण घालवतो, पण कारण देत नाही. मुलांनी तेच पकडलं.

तर आजपासून आपला नियम. वावटळ्याचं एकट्याचं पुस्तक असेल तर पहिल्या पानावर सांगायचं, त्याचा जोडीदार ढेकळ्या कुठं आहे आणि का आला नाही. रामनवमीला जांब समर्थच्या यात्रेत आपल्याला पुस्तकांसाठी टेबल मिळतंय. मला तिथं एकट्याचं पुस्तक ठेवायचं आहे. पोरं टोळी बघतात, पण उचलतात एकट्याला. तू लवकर गोष्ट पाठव.

तुझी
आकांक्षा


साईटवरून
२ डिसेंबर २०२४

आकू,

गोष्ट जमली. ढेकळ्याचं कारण बी जमलं.

ढेकळ्या मातीचा, म्हणजे कोरड्यात दगडासारखा घट्ट आन् ओल्यात विरघळणारा. आता दोघांना एका लोखंडी मनोऱ्यावर चढायचंय. वर राक्षसानं वारा कोंडून ठेवलाय. पहिल्या पानावर दोघं संगं चढतात. दुसऱ्या पानावर ढेकळ्याचा पाय सुटतो. तो लटकतो. वावटळ्या त्याला धरून परत उभा करतो. काही लागत न्हाई. पण तव्हापासून ढेकळ्याला धुकं लागलं की तो ओला होतो. हात-पाय मऊ पडतात. अर्ध्यावर जातो, आन् तिथंच लोखंडाला मिठी मारून डोळे मिटून बसतो. थरथर कापतो. त्याला वर नेता येत न्हाई आन् खालीबी पाठवता येत न्हाई, कारण खाली राक्षसाचा पहारेकरी बसलाय. त्याला दोघं चढताना दिसले पाहिजेत आन् दोघं उतरताना दिसले पाहिजेत. न्हाईतर दोघांनाबी हद्दपार. धुकं आलं की अर्ध्याच्या वरचं पहारेकऱ्याला काही दिसत न्हाई. तव्हा ढेकळ्या धुक्यात बसतो आन् वावटळ्या एकटा वर जाऊन दोघांचं काम करतो. ढेकळ्यानं त्याला शप्पथ घातली, कोणाला सांगू नको म्हणून.

आता मला एक सांग, तू जास्त वाचलंय. असं चालतं का? वावटळ्यानं काय करावं? पहारेकऱ्याला खरं सांगून ढेकळ्याला खाली न्यावं, का एकट्यानंच निभवावं? मी रोज इचार करून राह्यलो. नीट इचार करून लिही, उगं काहीतरी लिहू नको.

वावटळ्याचं चित्र मी काढून पाठवलंय, कमरेला पट्टा आन् हुक आहे, तसा काढ. तोंड मिटलेलं काढ. तो हाक मारत न्हाई कोणाला.

कल्याणची ओळ न्हाई कारण त्याला ताप आहे. काळजी न्हाई. मावशीच्या लोणच्याची वाट बघतो.

कडूबा


मस्तगड
१६ डिसेंबर २०२४

कडूबा भाऊ,

अरे काय गोष्ट पाठवलीस! दुकानात उभ्यानं वाचली. अंगावर काटा आला. धुक्यात बसलेला ढेकळ्या मला डोळ्यांपुढं दिसतोय. पायललाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "आत्ता पटलं. आता पुस्तक खोटं न्हाई बोलत."

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि नीट विचार करूनच सांगते. ढेकळ्याला खाली नेऊ नको. वावटळ्या पहारेकऱ्याकडे गेला, सांगून मोकळा झाला, की गोष्ट तिथंच मेली. मग ते टोळीचं पुस्तक झालं. हे एकट्याचं आहे, त्याला शेवटपर्यंत एकटाच ठेव. त्यानं खाली वळून बघायचंसुद्धा नाही. वारा अजून वाढव. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा आता पडतो.

आणि तो पट्टा. मी दोनतीनदा काढून बघितला, दावणीला बांधलेल्या बैलासारखा दिसतो रे. वाऱ्यावर फिरणाऱ्याला पट्टा कशाला? त्यानं सगळी भीतीच जाते. पट्टा असला म्हणजे पडणार नाही हे पोरांना कळतं, मग ती पान उलटायची घाई करत नाहीत. काढून टाक. एक पान असं कर की तो स्वतःच पट्टा सोडून ढेकळ्याजवळ टांगतो आणि मोकळ्या अंगानं वर जातो. मुखपृष्ठ तेच करते.

दादाला गोळ्या दिल्या का? त्याला म्हणावं बहिणीला एक ओळ लिहायला ताप आड येत नाही.

आकांक्षा


साईटवरून
३० डिसेंबर २०२४

आकू,

तू म्हणलीस ते बराबर. पट्टा काढला.

हुक लावा, काढा, पुढं सरका, परत लावा, यात लई वेळ जातो. दोघांचं काम एकट्यानं करायचं म्हणल्यावर जल्दी पाहिजे. आता अँगल गुडघ्यानं दाबतो, खांद्यानं रेटतो, बोल्ट दातात धरतो. थंडीनं बोल्ट ओठाला चिकटतो आन् काढताना कातडं येतं. पट्टा ढेकळ्यापाशी टांगून ठेवतो, उतरताना परत घालतो. खाली पहारेकऱ्याला दोघं दिसतात, दोघांचे पट्टे दिसतात. तो खुश.

खाली वळून बघत न्हाई. ते बी तू बराबर लिहिलं. एकदा बघितल्तं, तव्हा धुकं उकलल्तं, आन् दरीचा तळ दिसला. तिथं नदी आहे, पण आवाज न्हाई येत. निस्ती हालती.  

वारा वाढव म्हणली होतीस. तो आपोआप वाढलाय. परवा टावरच्या बाजूला निघणाऱ्या आडव्या लोखंडी हाताच्या टोकाला होतो आन् टावर असा हालला की माझे पाय सुटले. हातावर लटकलो. परत चढलो. भेव न्हाई वाटलं. वावटळ्याला वाटत न्हाई ना.

हे सगळं पुस्तकात घाल. ढेकळ्या आता धुक्यात बसून रडतो, ते घालू नको.

लोणचं पोचलं.

कडूबा


मस्तगड
१२ जानेवारी २०२५

कडूबा भाऊ,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय झालेलं असेल कुणास ठाऊक. तरी लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ढेकळ्याचं पान काढत होते. लोखंडाला मिठी मारून बसलेला. आधी हात काढले, मग खांदे, मग तोंड काढायला घेतलं आणि तोंड कल्याणदादाचं झालं. मी खोडलं. परत काढलं. परत त्याचंच झालं. मग आठवलं, शाळेच्या मागच्या पाण्याच्या टाकीवर तुम्ही दोघं चढला होतात, तू टाकीवर नाचत होतास आणि दादा शिडीला असाच मिठी मारून बसला होता, डोळे मिटून. मास्तरांनी खालून बोलून बोलून त्याला एकेक पायरी उतरवला होता. मी खाली उभी होते. तो बसलेला माणूस मी त्या दिवशी बघितलेला आहे, भाऊ. तू मला त्याची गोष्ट लिहून पाठवलीस आणि मी म्हणाले, वा.

ढेकळ्या दादा आहे ना? पहारेकरी म्हणजे हरिओम. आणि तो दातात बोल्ट धरणारा तू आहेस. ताप वगैरे काही नाही.

मी पट्टा काढ म्हणाले ते चित्रातला! कागदावरचा! तू खरंच काढलास? मी तुझी चित्रं काल सगळी टेबलावर मांडून बघितली. पहिल्यात तू पट्टा, हुक, हुकाची कडी सगळं नीट काढलं होतंस. असं कोणी मनानं काढत नाही. तू मला विचारत होतास आणि मी तुला मुखपृष्ठ सांगत होते.

कंपनीच्या ऑफिसचा नंबर शोधला. कोणी उचलत नाही. उचलला तेव्हा समोरचा हिंदीत म्हणाला, "किस गँग का? बहुत गँग हैं." परतूरला हरिओमच्या घरी जाऊन आले. त्यांच्याकडेही फोन लागत नाही. आईला सांगितलं नाही. तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही. ती विचारते, "लोणचं संपलं असंल का गं?" आणि मी म्हणते, "नाही, अजून असेल."

पट्टा घाल. आधी पट्टा घाल, मग पुढचं वाच. मग हरिओमला सांग. हाकलू देत. दोघं घरी या. तुला कोणी अर्धा म्हणणार नाही, आणि म्हणालं तर मी बघते.

पुस्तक मी थांबवलंय. ते मुखपृष्ठ फाडलं.

आकू


मस्तगड
२६ जानेवारी २०२५

कडूबा भाऊ,

उत्तर नाही. पोचलं नसेल असं मी म्हणते. जीप गेली नसेल, बर्फ असेल.

आज अंकुशनगरला गेले होते. फाडायच्या आधी ते मुखपृष्ठ पायलनं बघितलं होतं, तिनं विचारलं, "वावटळ्या पडला का?" मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला? ती म्हणाली, "कोणी न्हाई. पट्टा काढला ना त्यानं." तिचा बाप ट्रकवर उसाच्या मोळ्या चढवतो, दोरी बांधल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही.

आई आता डाळीचं विचारत नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघते. दारात मोटारसायकल थांबली की मी आधी बाहेर जाते, तिच्या आधी.

एक ओळ लिही. कुणाकडून तरी लिहवून घे. काहीही लिही.

आकू


साईटवरून
४ फेब्रुवारी २०२५

आकू,

दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिलं. मावशीला आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, मंग परत येऊन पुढचं वाच.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच आली. दरड पडून रस्ता बंद होता, जीप अडकली होती. पण जे झालं ते तुझी पत्रं यायच्या आधीच झालं.

दुपारून धुकं चढलं. कल्याण अर्ध्यावर बसला, मी पट्टा त्याच्यापाशी टांगला आन् वर गेलो. आडव्या हाताच्या टोकाला होतो. खालून रस्सीनं अँगल वर येत होता. वारा आला, अँगल फिरला आन् माझ्या गुडघ्याला लागला. लई न्हाई लागलं. पण पाय सुटला आन् मी छातीवर आपटलो, लोखंडावर. दोन्ही हातांनी मिठी मारली. आन् मंग, आकू, हात सुटेनात. चिकटले न्हाईत, मीच सोडीना. मी हाताला म्हणून राह्यलो सोड आन् हात सोडीना. धुकं इतकं की माझं कोपर मला दिसत न्हाई. टावर कण्हून राह्यला. का मीच कण्हत होतो, म्हाईत न्हाई. पहिल्यांदा मला ते भेव वाटलं जे कल्याणला रोज वाटायचं. थोड्या वेळानं वाटतं सोडून द्यावं म्हणजे हे थांबंल. हे शेवटचं कोणी सांगत न्हाई. पडायचं भेव एक, आन् आपणच सोडून देऊ याचं भेव दुसरं. दुसरं मोठं.

खालच्यांना ओरडलो, वाऱ्यात जाईना. मंग एकच नाव राह्यलं. मी तुला सांगितल्तं ना, वावटळ्याचं तोंड मिटलेलं काढ म्हणून. तोंड उघडायलाच लई वेळ लागला. मंग "कल्याण" म्हणून ओरडलो. किती वेळा ते म्हाईत न्हाई. अर्ध्यावर बसलेल्या माणसाला कशाला हाक मारायची, पण मारली.

आवाज बसला तव्हा थांबलो. मंग खालून खट्ट आवाज आला. हुक लावल्याचा. थोडं थांबून परत खट्ट. एक हुक लावायचा, एक काढायचा, एक बोल्ट वर सरकायचं. इतकं सावकाश की मला वाटलं, हा पोचंस्तोवर मी सोडून देईन. मंग धुक्यातून त्याचं तोंड आलं. पांढरं फटक. डोळे अर्धे मिटलेले. आन् त्याच्या गळ्यात माझा पट्टा, बैलाच्या गळ्यात कासरा टाकावा तसा.

त्यानं आधी माझ्या कमरेभोवती पट्टा आवळला, हुक लोखंडाला लावला, दोनदा ओढून बघितला. मंग म्हणला,

"डावा पाय खाली टाक."

"न्हाई जमत."

"टाक. मी धरलाय."

"तू कामून आला वर?"

"गप. डावा."

"तू पडशील ना."

"माझा पट्टा आहे. तुझ्यासारखा येडा न्हाई मी. टाक डावा. हां. आता उजवा. आता हात सोड. सोड ना बाप्पा. हां."

सबंध टावर असा उतरलो. टाकीवरून मास्तरांनी त्याला जसा उतरवल्ता, अगदी तसाच शब्दाला शब्द बोलत होता. धुक्याच्या खाली आलो तव्हा हरिओम वर बघून राह्यल्ता. त्याला काय झालं ते लगेच कळलं, कारण आम्ही दोघंबी एकाच बोल्टावर पाय ठेवून एकमेकाला धरून उतरत होतो, असं कोणी उतरत न्हाई.

मी त्याला सगळं सांगितलं. कल्याणनं घातलेली शप्पथ कल्याणसमोरच मोडली. हरिओमनं इतक्या शिव्या दिल्या की धुकं पांगलं असतं. म्हणला, "मेला असता तर मी परतूरला कोणतं तोंड घेऊन गेलो असतो? जोडीनं घेतो ते कामासाठी घेतो का? वर गेलेल्याला बघायला कोणीतरी पाहिजे म्हणून घेतो." मला वाटलं आता घरची वाट. पण रस्ता बंद होता, पाठवणार कुठून. दोघांना खाली रस्सीवर घातलं. आता जमिनीवर उभं राहून वरच्यांना अँगल पाठवतो. वारा सुटला की दोघं संगंच वर बघतो. मी तर रस्सी धरून बी कापतो, आकू. रात्री पोटावर झोपतो, खाली धरायला काहीतरी पाहिजे म्हणून. हे लिहायला आता मला काही वाटत न्हाई. रस्ता खुला झालाय. हप्त्याभरात रेशनच्या जीपमधून खाली येतो, मंग गाडी धरून घरी.

पुस्तक थांबवू नको. रामनवमीला टेबल मांड. तुझ्यावर माझा राग न्हाई, तू मला तिथं बघत नव्हती, पुस्तकात बघत होती. खरं तर मी तुला खरं विचारलंच न्हाई, वावटळ्याच्या आडून विचारलं.

पायलला तिचं उत्तर सांग. टोळीत वावटळ्या बारका होत न्हाई. एकटा असताना आपणच त्याला खोटा मोठा काढतो. तो कायम तेवढाच असतो.

मुखपृष्ठावर कोणालाच उडताना काढू नको. दोघं उतरताना काढ. पट्टा ठसठशीत दिसू दे, बैलासारखा दिसला तरी चालंल. वावटळ्याचं तोंड उघडं काढ. आन् पहारेकऱ्याला राक्षसाचा माणूस करू नको, परतूरचाच राहू दे.

एक मात्र मला अजून कळलं न्हाई, कल्याण कामून वर आला ते. दहादा विचारलं, सांगत न्हाई. पानाचा शेवट त्याच्यासाठी सोडतो, तुला लिहितो का बघ.

कडूबा

(आकू, मी कल्याण. मी याला वाचवायला न्हाई गेल्तो. हा वरून ओरडायचा थांबला, आन् मंग धुक्यात मी एकटाच उरलो असं वाटलं. त्याचं भेव टावरपेक्षा मोठं होतं, म्हणून गेल्तो. पुस्तकात ढेकळ्याला शूर करू नको, तसंच काढ. डाळ अजून तशीच आहे. आईला सांग, येतो.)